कवळीच्या मागे, सेनगावच्या वाटेवर

जिंतूर मागं पडलं तरी माझा राग उतरला नव्हता. राग कुणावर, तर जिचं मीठ खाते त्या कंपनीवरच. औरंगाबादच्या एका कुरियर कंपनीत मी खिडकीवर बसून पार्सलं घेते. सुरुवातीला आमचे मालक खांद्याला पिशवी अडकवून स्वतः एसटीनं जालन्याला पाकिटं पोचवायचे. मग माणसं वाढली, गाड्या आल्या. पुढं ते व्यापाऱ्यांच्या एका जथ्याबरोबर चीनला जाऊन आले आणि तिथल्या पार्सल कंपनीनं त्यांना पार झपाटलं. चार-दोन पोरांनी काढलेली कंपनी आता म्हणे खेड्याखेड्यात जाते, आणि ज्याचं पार्सल त्याच्याच हातात देऊन सही घेते. "मग आपलं सेनगाव काय चंद्रावर आहे?" असं म्हणत त्यांनी नव्यानंच जिल्हा झालेल्या हिंगोलीपासून थेट गोरेगावापर्यंत लाइन सुरू केली.

त्या लाइनवर मी मोठ्या तोऱ्यात टाकलेलं पार्सल म्हणजे माझ्या मामांची कवळी!

मामा गोरेगावचे, निवृत्त मास्तर आणि बौद्धाचार्य. त्या भागातली निम्मी लग्नं त्यांनीच लावलेली. आता नातीचं, प्रज्ञाचं, लग्न होतं आणि ते आपणच लावणार असं तिला त्यांनी ती फ्रॉकमध्ये असल्यापासून कबूल केलेलं. ऐन वेळी कवळीचे दोन तुकडे झाले. मी ती औरंगाबादच्या डॉक्टरांकडून सांधून घेतली आणि "तिसऱ्या दिवशी दारात" असं छातीठोकपणे सांगून पाठवून दिली. आठवडा उलटला. लग्नाच्या आदल्या दिवसापर्यंत कवळी मामांच्या हाती नाही. मामीचा फोन आला, "ते म्हणून राहिले, बोळक्या तोंडानं त्रिसरण म्हणणार न्हाई. दुसरा माणूस पाहा. पोरगी रडून राहिली गं शोभा." मी तशीच उठले आणि पहिली गाडी धरली.

हिंगोलीच्या स्टँडवर उतरले तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. आमची शाखा म्हणजे स्टँडसमोरच्या एसटीडी बूथमधलं एक लोखंडी कपाट. बूथवाले चाचा चष्मा पुसत म्हणाले, "मास्तरांचं पार्सल? बराबर आलं ना! पण मास्तर भेटले तर द्यायचं ना. काल दुपारभर ते इथं बसून होते आन् डबा गोरेगावात त्यांच्या दारात!"

मला काही उमगेना. तेवढ्यात समोर जीप लागली आणि चाचांनी ड्रायव्हरला हाक मारली. रामधन, सेनगावजवळच्या तांड्यावरचा (बंजारा वस्तीवरचा) चाळिशीचा माणूस. आमची सगळी लाइन याच्या जीपवर चालते. त्यानं सीटखालून फडक्यात गुंडाळलेला डबा काढून दाखवला. माझी कवळी! म्हणजे मामांची. मी हात पुढं केला, तर यानं डबा मागं घेतला.

"न्हाई ताई. ज्याचं त्याच्याच हातात. मास्तरांच्या घरवालीनं मागितला, तिलाबी न्हाई दिला."

"अरे, मीच पाठवलाय तो! मी कंपनीची आहे!"

"मंग तुमाला नियम ठाऊकच असंल," तो शांतपणे म्हणाला. मी जीपमध्ये चढून बसले.

सगळा घोळ मग जीपमध्ये कळला. रामधन डबा घेऊन गोरेगावला जातो, तर मामा डबा आणायला हिंगोलीला निघालेले. मामा हात हलवत घरी येतात तोवर रामधन डबा घेऊन परत. दुसऱ्या दिवशी मास्तर घरून निघायच्या आत गाठावेत म्हणून रामधन लवकर निघाला, आणि जीप निघायच्या आत हिंगोली गाठावी म्हणून मामाही लवकर निघाले. रस्त्यात रोज एकमेकांना ओलांडून जायचे. मी कपाळावर हात मारून घेतला. हसावं की रडावं, तेच कळेना.

"चाचांपाशीच ठेवायचा ना डबा!"

"आन् मास्तर घरी बसले असते तर? मंग तुमीच म्हनल्या असत्या, घरी काहून न्हाई नेला?" रामधननं गिअर टाकला. "आमचे आजे बैलावर मीठ लादून मुलूखभर हिंडायचे ताई. कुणाची गोणी कधी भलत्या दारात न्हाई उतरवली."

आत आम्ही दहा-बारा जण, टपावर पोती आणि एका आजीची लोखंडी कॉट. दोन्हीकडं उन्हाळ्यातली मोकळी रानं, कडेला पऱ्हाट्यांचे (कपाशीच्या वाळक्या झाडांचे) ढीग, मधूनच एखादं कडुलिंबाचं झाड. पुसेगावात गाडी थांबली. तिथली कांदाभजी इतकी खमंग होती की दोन घास मी राग विसरले. पण गाव सोडलं नाही तोच मागचं चाक बसलं. सगळे उतरले, रामधन जॅक लावू लागला. चाक बसवून होतंय तोवर समोरून एसटीचा लाल डबा आला. खिडकीत पांढरी टोपी, आत गेलेले गाल आणि ते ओळखीचं नाक.

"मामा! अहो मामा!" मी रस्त्यावर पदर हलवत धावले. ड्रायव्हरला वाटलं, जागा मागतेय. भरलेली एसटी धूळ उडवत निघून गेली.

मला रडूच कोसळलं. कॉटवाल्या आजीनं विचारलं, तेव्हा भर रस्त्यात सगळं सांगून टाकलं. उद्याचं लग्न, प्रज्ञा, सगळं. आजी रामधनवर खेकसली, "पाहातो काय मुडद्या? वळव गाडी!"

"आन् तुमाला सेनगावला उशीर होईल त्याचं?"

"माझी कॉट काय रुसून बसत न्हाई!"

कुणीच कुरकुरलं नाही. सगळे पटापट आत चढले आणि जीप उलटी धावली. पुसेगावच्या थांब्यावर एसटीत माणसं चढत होती. रामधननं जीप सरळ तिच्यासमोर आडवी घातली. कंडक्टर ओरडतोय, मी ओरडतेय, आणि दारातून मामा चकित होऊन उतरताहेत.

रामधननं आधी सही घेतली. मग दोन्ही हातांनी डबा दिला. मामांनी थांब्यावरच्या हापशावर कवळी धुतली, तोंडात बसवली, जबडा दोनदा हलवला. एसटी आणि जीप दोन्हींतली माणसं श्वास रोखून बघत होती. मामांनी माझ्याकडं वळून पहिला खणखणीत शब्द उच्चारला, "गाढव!"

इतका आनंद मला पगारवाढीनंही कधी झाला नव्हता. रस्त्यातच त्यांच्या पायावर डोकं ठेवलं.

दुसऱ्या दिवशी गोरेगावात मांडव माणसांनी फुलला होता. रामधन बायकोला घेऊन आला होता, चाचाही. पांढऱ्या साडीतली प्रज्ञा पुढ्यात येऊन उभी राहिली. मामांनी माइक घेतला आणि त्रिसरण सुरू केलं. एकेक अक्षर घासून लखलखीत. मामीनं माझा हात घट्ट धरला होता. पंचशील सुरू झालं, आणि मध्येच मामांची नजर नातीवर गेली. आवाज थांबला. ओठ हलत होते, शब्द येईना. कवळी सुटली की काय?

तसं काही नव्हतं. मामा रडत होते. मांडवातल्या बायकांनी तिथूनच शब्द उचलले, मग सगळ्या मांडवानं, आणि पंचशील पुरं झालं. मग वरण, पोळी आणि बुंदी. मामांनी बुंदीचे लाडू कडाकडा फोडून खाल्ले.

मला सोडायला ते जीपपर्यंत आले. मी म्हटलं, "मामा, एवढी धावाधाव केली आणि ऐन वेळी तुम्ही गप्प! मग कवळीचा उपयोग तो काय झाला?"

"असं कसं?" ते म्हणाले. "बोळक्या तोंडानं थांबलो असतो, तर लोक म्हनले असते, म्हाताऱ्याला दात न्हाईत. आज सगळ्यायला कळलं, म्हातारा नातीसाठी रडला."

येताना एसटीत खिडकीशी जागा मिळाली. जिंतूर कधी गेलं ते कळलंच नाही, इतकी गाढ झोप लागली होती.