अंधाररावाची अक्षरे

सुचित्राताई कामेरकर मला पहिल्यांदा दिसल्या त्या आमच्या सीवूड्सच्या सोसायटीत, लिफ्टसमोर स्टुलावर उभ्या. लिफ्टच्या दारावर त्या हाताने लिहिलेला कागद चिकटवत होत्या: ‘लिफ्ट बंद आहे. घाई नसल्यास मधल्या मजल्यावर जरा बसावे.’ मी जन्मभर मुलांच्या वह्या तपासल्या, पण इतके स्वच्छ अक्षर पाहिल्याचे आठवत नाही.

“शाळेत होतात का?” मी विचारले.

“नाही हो बाई. मी भुतांच्या पुस्तकांत होते,” त्या म्हणाल्या आणि स्टूल उचलून निघाल्या.

पुढे ओळख वाढली तेव्हा उलगडा झाला. लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षे त्या गिरगावातल्या एका छोट्या प्रकाशनात नोकरीला होत्या. तिथून ‘सरदार अंधारराव’ ही चित्रकथा दरमहा निघे. अंधारराव रक्त पिऊन जगे, दिवसभर गढीच्या तळघरात झोपे, पण रक्त प्यायचा ते फक्त दुष्टांचे. घरातल्या कोणी बोलावल्याशिवाय त्याला उंबरठा ओलांडता येत नसे. चित्रकार चित्रे काढी, लेखक संवाद देई आणि पात्रांच्या तोंडाजवळच्या फुग्यांत ते संवाद शाईने लिहिण्याचे काम सुचित्राताईंचे.

पहिल्याच अंकात घोटाळा झाला. बंद दारापाशी अंधाररावाने म्हणायचे होते, ‘दार उघड, नाहीतर या घराची राखरांगोळी करीन!’ चित्रकाराने फुगा काढला होता लिंबाएवढा. छपाईची वेळ आलेली, लेखक गावाला गेलेला. सुचित्राताईंनी फुग्यात मावेल तेवढेच लिहिले: ‘येऊ का आत?’

पुढच्या चौकटीत घरमालकाचा फुगाही रिकामा राहिला होता. त्यात त्यांनी लिहिले, ‘या, या.’

“दुसरं काय म्हणणार?” त्या मला म्हणाल्या. “दारात आलेल्याला कोणी नको म्हणतं का?”

लेखक परतल्यावर भांडला. पण वाचकांना अंक फार आवडला होता. तेव्हापासून अंधारराव प्रत्येक दारात विचारू लागला, प्रत्येक घर त्याला ‘या’ म्हणू लागले आणि दुष्ट माणसे सवयीने मरू लागली. बाहेर पडताना तो ‘कडी लावून घ्या’ असेही सांगे. तेही सुचित्राताईंचेच.

गेल्या वर्षी तुर्भ्याच्या एका प्रकाशकाने सगळ्या अंकांचे जाडजूड संकलित खंड काढायचे ठरवले. संपादक अभिराम याने जुन्या माणसांचा शोध घेतला आणि सुचित्राताईंना नमुन्याची पाने पाठवली. ती पाहून त्या दिवसभर जेवल्या नाहीत. संगणकाची अक्षरे होती आणि अंधारराव दारात ओरडत होता, ‘उघड, नाहीतर मेलास!’

“बाई, माझ्याबरोबर चला,” त्या म्हणाल्या. “मला भांडता येत नाही.”

मलाही येत नाही, पण गेले. अभिरामचे ऑफिस एका गोदामावर होते. मुलगा नम्र होता.

“मावशी, आजच्या वाचकाला भीती वाटायला पाहिजे ना. तुमचा अंधारराव पाहुणा वाटतो.”

“तुला पाहुण्यांची भीती नाही वाटत? लग्न झालंय का?”

“नाही अजून.”

“मग नाही कळायचं.”

“टेन्शन घेऊ नका. तुमचं नाव पहिल्या पानावर टाकतो.”

“नाव राहू दे रे. त्याला दारात ओरडायला लावू नकोस. इतकी वर्षं तो कुणाच्या घरात असा घुसला नाही.”

“पण जुनी अक्षरं फाटलीत, मावशी. छापून येणार नाहीत.”

“मग मी परत लिहिते.”

“चारशे पानं आहेत!”

“अंधाररावाला मरण नाही, मला आहे. तेव्हा पानं लवकर पाठव.”

तेवढ्यात दार वाजले. खांद्यावर पाण्याचा जार घेतलेला एक अनोळखी माणूस दारात उभा होता. “येऊ का?”

“या ना, या,” अभिराम मान वर न करता म्हणाला.

माणूस आत आला, जार ठेवून रिकामा घेऊन गेला. दार त्याने ओढून घेतले. अभिरामने दाराकडे पाहिले, मग समोरच्या पानाकडे, आणि बराच वेळ पेनाचे टोपण काढत-घालत बसला.

“पहिला खंड तुमच्या पद्धतीने करून बघू,” तो शेवटी म्हणाला. “साहेबांशी मी बोलतो.”

पहिला खंड निघाला. खपतो आहे म्हणतात. भीती वाटते की नाही, ते कोणी सांगितलेले नाही.

सुचित्राताईंनी उन्हाळ्यात मोतीबिंदूचे ऑपरेशन करून घेतले. सध्या दुसऱ्या खंडाचे काम चालू आहे. जेवण झाले की त्या खिडकीशी लिहायला बसतात, आणि उजेड कमी झाला की शाईची बाटली बंद करून खाली फिरायला येतात.