दीड वीत हळस

फाळ पांढऱ्या बैलाच्या मागच्या पायात घुसला. खुराच्या वर, जिथं कातडं मऊ असतं तिथं. बैलानं जागेवरून उडी घेतली. नांगर आडवा झाला आणि नांगर धरलेली माझी नात त्याच्याबरोबर खाली आली. कासरा तिनं डाव्या मनगटाला गुंडाळून घेतला होता. बैल पळाले, कासरा ताणला आणि पोरगी ढेकळांवरून फरफटत निघाली. तिच्या डोक्याशेजारी नांगर उड्या मारत होता. फाळ कधी मातीत, कधी हवेत.

मी बांधावर उभी होते. तोंडात प्रसादाचं खोबरं होतं. ओरडायचं मला सुचलंच नाही. माणसाला अशा वेळी वाचा फुटते म्हणतात, माझी गेली. बांधावर सगळे मोबाईल वर धरून उभे होते, कारण स्पर्धेत पोरगी पहिल्यांदाच उतरली होती. एकाचाही हात खाली आला नाही. त्यांनाही सुचलं नसेल. मी काय सांगू, मी तर तिची आजी, आणि मी खोबरं चावत होते.

हे आमच्या वाशीमकडच्या शिरपूरच्या पलीकडच्या शिवारात झालं. तूर निघाल्यावर तिथं बैलजोडीच्या नांगरणीची स्पर्धा ठेवली होती. आता आमच्या भागात ट्रॅक्टरशिवाय नांगरट होत नाही, म्हणून लोकांना बैलाचा नांगर पाहायची हौस येते. नियम एवढाच, नांगर जुना पाहिजे, लाकडी पाहिजे. ज्याचा तास, म्हणजे नांगराची रेघ, सरळ आणि वळण साफ, तो जिंकला.

नात मालेगावला कॉलेजात जाते. ट्रॅक्टर बापाहून बरा चालवते. तिच्या डोक्यात हे शिरलं आणि निघेना. गावात बातमी गेली तेव्हा पारावरचा एक जण मला ऐकू जाईल असं बोलला, "पोट्टीनं नांगर धरला तं पाऊस पडत नाही म्हंतेत."

मी म्हटलं, "आजवर तुमीच धरला ना बाप्पा? मंग गेल्या साली पाऊस काहून दडी मारून बसला होता?"

पण घरात माझा लेकही नाराजच होता. त्याचं म्हणणं, हात-पाय मोडले तर लग्नाचं काय. मी सांगितलं, नांगर मी पाहून देते, बैल शिकलेले घेऊ, मग काही मोडत नाही.

नांगर शोधणं सोपं नव्हतं. लोकांनी लाकडी नांगर चुलीत घातले. एक मिळाला तो मालेगावच्या रस्त्यावर एका लग्नाच्या लॉनच्या दारात, लाल-पिवळा रंगवून उभा केलेला. नातीला तो फार आवडला. मी नखानं रंग खरवडला तर आत वाळवीचा भुसा. दुसरा एकाच्या गोठ्यात होता, धड होता, पण इतका जड की उचलताना लेकाचीच कंबर धरली. तिसरा मेडशीला माझ्या चुलत दिराच्या माळ्यावर सापडला. बाभळीचा, काळा पडलेला, मूठ हातानं घासून गुळगुळीत झालेली.

मी आयुष्यात नांगर धरलेला नाही. आमच्या वेळी बायकांनी धरायचा नसे. पण नांगरामागं चालून धसकटं वेचली आहेत, त्यामुळं काय चुकलं की काय होतं ते पाहिलेलं होतं. नातीला नांगराजवळ उभं केलं, मूठ तिच्या कमरेला आली. मग बैल जुंपून पाहिले. नांगरापासून जुवापर्यंत जो लांब दांडा जातो त्याला हळस म्हणतात. तो आखूड असला तर फाळ बैलाच्या मागच्या पायाशी येतो, आणि वळताना बैल जरा मागं सरकला की संपलं. आमच्या भागात त्याला 'फाळ लागला' म्हणतात आणि ते म्हणताना माणसं आवाज खाली घेतात. या नांगराची हळस लांब होती. पाय आणि फाळ यांच्यात मोकळी जागा राहत होती. मी म्हटलं, हाच घ्या.

बैल मात्र जोडीचे नव्हते. पांढरा आमचा. त्याचा जोडीदार मागच्या वर्षी मेला. लाल बैल शेजारच्या म्हाताऱ्याकडून मागून आणला. तो ताकदीला बरा होता पण बसका. म्हणजे कोणी ओरडलं, चाबूक वाजला, काही मनाविरुद्ध झालं की जुवासकट खाली बसायचा. मग त्याची मर्जी होईपर्यंत उठायचा नाही. म्हाताऱ्यानं देतानाच सांगितलं, "वयनी, घेऊन जा, पण हा पंगतीत बसल्यावाणी बसते. पत्रावळ तेवढी सोबत न्या."

नात म्हणाली, "आबा, मी त्याच्यावर ओरडणारच नाही."

"तू नाही ओरडनार, पण लोकं? तिथं भोंगा लावतेत."

तिनं महिनाभर त्या जोडीबरोबर घालवला. रोज सकाळी आमच्या पडीक तुकड्यात एक तास, मग कॉलेज. लाल पहिल्या दिवशी बसला, नंतर बसला नाही. तिचा तास सरळ यायला लागला. कासरा मनगटाला गुंडाळायची तिला खोड लागली होती, कारण नांगराला दोन्ही हात लागायचे. मी रोज सांगायचे, "सोडून धर." ती म्हणायची, "हो आजी." मान डोलवायची आणि पुन्हा गुंडाळायची.

स्पर्धेच्या दिवशी बैल आणि नांगर एकाच टेम्पोतून गेले. लेक आणि नात पुढं ड्रायव्हरजवळ, म्हातारा मागं बैलांपाशी. मला जागा नव्हती. मी टेम्पो भरायच्या आधीच निघून एस्टीनं मालेगाव आणि तिथून दुसऱ्या गाडीनं शिरपूर गाठलं. पोहोचले तेव्हा बैल जुंपलेले होते, शिंगांना गोंडे, जुवावर आणि हळशीच्या टोकावर झेंडूचा जाड हार. मी नांगराला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला. नातीच्या कपाळाला बोट लावलं. ती म्हणाली, "आजी, पाह्यजो, एकदम सरळ काढतो."

तास तिनं सरळच काढला. बांधावर एक जण दुसऱ्याला म्हणाला, "पोट्टी तं लाइन मारून राह्यली लेका." मग ती वळणावर आली. नांगर उचलला, बैलांना वळवलं, पांढरा पाऊलभर मागं आला.

तिथून पुढचं मी सांगितलंच आहे.

ती फरफटत होती तेव्हा भोंग्यावरचा माणूस "धरा, धरा" ओरडायला लागला. तो आवाज इतका मोठा होता की लाल बैल बिचकला आणि बसला. पळता पळता, जुवासकट, मधोमध वावरात. पुढचे गुडघे टेकले आणि बसला. जू त्याच्या बाजूला खाली गेलं, पांढऱ्याची मान त्याच्याबरोबर वाकडी झाली. पांढरा त्याच्याभोवती अर्धा फिरला, पाय झाडले, रक्त उडवलं आणि मग त्यालाही हलता येईना. नांगर थांबला. पोरगी थांबली.

म्हातारा धोतर सावरत धावला. त्याच्याकडं विळा होता. त्यानं कासरा कापला. मग बाकीच्यांचे मोबाईल खाली आले.

मी पोहोचले तेव्हा ती उताणी पडली होती. तोंडात माती, डोळे उघडे. मला वाटलं गेली. तोंडातलं खोबरं तेव्हा मी थुंकलं. तिच्या डोक्याजवळ फाळ जमिनीत रुतून बसला होता, तिची वेणी त्याच्याखाली दबली होती. मी तो फाळ पाहत राहिले. डोक्यापासून चार बोटांवर होता.

ती म्हणाली, "आजी, बैलाले पाह्य."

लेकानं तिला गाडीत घालून वाशीमला नेलं. म्हातारा आणि मी बैलांजवळ राहिलो, गुरांचा डॉक्टर येईपर्यंत. तेव्हा मी नांगराकडं नीट पाहिलं. माझ्या डोक्यात एकच होतं, हळस लांब होती, मी जुंपून पाहिली होती, मग फाळ पोहोचला कसा? हार ओढून काढला. हळशीचं टोक पिवळं, ताजं कापलेलं. सगळा नांगर काळा आणि टोक नव्या पाटासारखं पिवळं. जरा मागं जुवाच्या दोरीसाठी नवं भोक पाडलेलं.

मी म्हाताऱ्याला विचारलं, "हे कोनं कापलं?"

तो म्हणाला, "तुमच्या पोरानं. दांडा बाहेर निघत होता, टेम्पोचा मागचा फाळका लागत नव्हता ना. बैल पडले असते."

"तुमी पाहून राह्यले होते?"

"मीच धरला होता दांडा. तुकडाच तं होता, वयनी."

मी टेम्पोत चढले. तुकडा तिथंच शेणात पडलेला होता. आणून टोकाला लावला, बरोबर बसला. माझ्या वितीनं दीड वीत. मी तिथंच मातीत बसले.

लेकाशी रात्री दवाखान्याच्या पायरीवर बोलले. त्याच्या शर्टावर अजून माती होती.

"मले काहून नाही सांगितलं?"

"तू एस्टीत होती, माय."

"पोहोचल्यावर?"

त्यानं शर्टावरची माती झटकली. मग म्हणाला, "मले वाटलं, दोरीची जागाच तं बदलली." त्यानंतर त्यानं आपले दोन्ही हात पाहिले, जणू दुसऱ्या कोणाचे आहेत. त्याला मारायला माझा हात उठला नाही. बैल पडू नये म्हणून त्यानं कापलं होतं. पोरीचा जीव जाऊ शकतो हे त्याच्या मनाच्या कोपऱ्यातही नव्हतं, आणि हार घालताना ते पिवळं टोक त्याच्या हाताखाली होतं.

तुकडा मी घरी आणून चुलीत घातला. बाभूळ चांगली जळते. उरलेला नांगर मेडशीला परत दिला, दिरानं तो पुन्हा माळ्यावर टाकला.

नात जगली. मनगटाचं हाड जुळलं, खांद्याचं कातडं उशिरा भरलं. पांढरा जगला, तो पाय पूर्ण टेकत नाही. लालही जगला. अजून बसतो.