आत्याचं मेंदूशी भांडण

माझ्या आत्याशी भांडून जिंकलेला माणूस अजून जन्माला यायचाय. ती बदलापूरला मांजर्लीत राहते. तिच्या बिल्डिंगचा सेक्रेटरी, केबलवाला, पाणी सोडणारा माणूस, इतकंच काय, गल्लीतली कुत्रीसुद्धा तिच्या दारावरून जाताना चाल बदलतात. ती उल्हासनगरला माझ्याकडे आली की कॅम्प पाचच्या बाजारात भाव करायला मी तिलाच पुढे घालते. एकदा एका सिंधी दुकानदाराने तिला आदराने 'दादी' म्हटलं. त्यांच्यात मोठ्या बहिणीला दादी म्हणतात, हे मी तिला समजावेपर्यंत तिने त्याच्या केसांचा आणि त्याच्या कापडाचा रंग सारखाच कच्चा असल्याचं सगळ्या गिऱ्हाइकांसमोर जाहीर करून टाकलं होतं. आणि तरीही ड्रेसपीस त्याने तिच्याच भावात दिला.

अशी ही बाई फक्त एका वस्तूपुढे नमायची, ती म्हणजे मशेरी. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरून डबीत भरायची आणि मनाला येईल तेव्हा बोटाने हिरड्यांना चोळत बसायचं. तिचा तवा तापला की पार वरच्या मजल्यापर्यंत लोक खोकत खिडक्या लावून घेत. उल्हास नदीचं पाणी तळमजल्यात शिरलं तेव्हा शेजारीपाजारी सिलिंडर नि कागदपत्रं घेऊन जिना चढत होते. आत्या वर आली ती एका हातात तवा आणि दुसऱ्या हातात डबी घेऊन. सकाळी बुद्धवंदनेला बसली की पाचवं शील, नशेपासून लांब राहण्याचं, ती तोंडात मशेरी असतानाच खणखणीत म्हणायची. मी एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाली, "ते दारूचं आहे. हे दात घासणं आहे." दात दिवसातून किती वेळा घासायचे असतात, हे विचारण्याचा धीर मला झाला नाही.

मग तिच्या गालाच्या आत पांढरा चट्टा उठला. डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला. "आज घाबरण्यासारखं काही नाही," रिपोर्ट आल्यावर ते म्हणाले, "पण हे असंच चालू ठेवलंत, तर पुढचं मी सांगू शकत नाही." आत्या तिथून तडक माझ्याकडे आली. माझी मुलगी फार्मसी शिकते. तिला समोर बसवून आत्याने विचारलं, "एवढीशी काळी पूड मला सोडत का नाही, ते सांग."

"आजी, मेंदूतल्या पेशींवर बारीक बारीक जागा असतात, रिसेप्टर म्हणतात त्यांना," मुलगी सांगू लागली. "शरीराचं स्वतःचं एक रसायन तिथे येऊन बसतं आणि पेशी कामाला लागते. तंबाखूतलं निकोटीनही त्या जागेत फिट्ट बसतं. ते बसलं की बरं वाटतं. रोज येतंय म्हटल्यावर मेंदू जागा वाढवत नेतो. मशेरी बंद केलीस की त्या सगळ्या रिकाम्या पडतात आणि बोंब मारतात."

"किती वर्षं?"

"वर्षं नाही गं. काही आठवड्यांत जास्तीच्या जागा कमी होतात."

आत्याने पदर खोचला. "म्हणजे मीच खाऊ घालून माजवल्यात मेल्या. आता मीच उपाशी मारते."

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, त्यांचंही मुलीने समजावलं. गोळी त्याच जागेवर जाऊन बसते, थोडंसं बरं वाटू देते, पण निकोटीनला तिथे बसू देत नाही. हे आत्याला फारच पटलं. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही. "बस बाई, हलू नकोस," असं बजावून ती गोळी गिळू लागली.

पण उपाशी मारणं सोपं नव्हतं. तिची झोप उडाली, आमटीत मीठ दोनदा पडू लागलं, चांगल्या माणसांवरही ती खेकसू लागली. भाजी निवडता निवडता मध्येच डोकं वर करून म्हणायची, "बोंबला! किती बोंबलायचं ते बोंबला!" सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी रंगकामाच्या वर्गणीचा विषय काढत होता, तेवढ्यात ती ओरडली, "गप्प बसा! काही मिळणार नाही!" ते सेक्रेटरीला नव्हतंच, पण तो बसला, आणि रंगकाम पुढच्या वर्षावर गेलं.

त्याच सुमारास माझ्या आईचा स्मृतिदिन आला. वांगणीहून नात्यातल्या बायका माझ्या घरी आल्या. वंदना झाली, जेवणं झाली आणि मागच्या खोलीत मशेरीची डबी फिरू लागली. फिरत फिरत आत्यापाशी आली. तिने चिमूट घेतली. मी दारातून धावले, पण तोवर बोट हिरडीवर फिरलं होतं. डोळे मिटून ती वाट पाहत राहिली.

"माती," ती म्हणाली. "नुसती माती लागते गं."

बायका हसल्या. "गोळी बसलीय तिथे," मी म्हटलं. आत्या हसली नाही. मोरीत जाऊन तिने खळखळून चुळा भरल्या आणि तिथेच भिंतीला टेकून उभी राहिली.

"मशेरीसाठी नाही घेतली मी," ती म्हणाली. "दुपारची कामं आटपली की मी नि वहिनी मागच्या पायरीवर बसून लावायचो. दिवसभरात तेवढाच वेळ आम्हाला कोणी हाक मारायचं नाही. म्हटलं, लावली की ती शेजारी बसल्यासारखं वाटेल."

माझ्या आईला गमावलेली मी एकटीच नव्हे, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा नीट कळलं.

त्यानंतर आत्याने डबीला हात लावला नाही. चट्टा फिकट होत गेला, गोळ्याही थांबल्या. डॉक्टरांनी कौतुक केलं, तर म्हणाली, "कौतुक नंतर करा, तोंड नीट बघा." आता सुट्टीच्या दिवशी दुपारी मी मांजर्लीला जाते. आम्ही दोघी बोलत बसतो आणि ती मला माझ्या आईबद्दल सांगते. परवा म्हणाली, "तुझी आई गायची, ठाऊक आहे?" मला ठाऊक नव्हतं. आमच्या घरात आईचा आवाज कधी चढल्याचंही आठवत नाही. मग आत्याने भातलावणीच्या एका गाण्याची ओळ म्हटली, हळू, जाड्याभरड्या आवाजात, आणि थांबली. मी वाट पाहत राहिले.

"पुढचं मला येत नाही गं," ती म्हणाली. "ते वहिनीच म्हणायची."