बिनब्लाउजपीसचा कॉम्प्युटर

उज्ज्वला, तू येतेस, चहा पितेस आणि पळतेस. समोरासमोर बोलणं होत नाही, म्हणून लिहूनच टाकते. तुझी गोष्ट तुला माहीत आहे, बाकीच्यांना नाही. तेव्हा गप्प बस आणि मध्ये बोलू नकोस.

तर ही उज्ज्वला राहते सुरतच्या डिंडोलीत, माहेर-सासर दोन्ही खानदेशातलं. पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये ऑफिसला होती. रंगून निघालेले तागे बाजारात पाठवायचे तर चलान लागतं, ते ती एक्सेलमध्ये करायची. नवऱ्याचं लूमवरचं काम सुटलेलं, घर तिच्या पगारावर.

शेठचा पुतण्या कुंदनभाई ऑफिसचा साहेब. त्याने नवा कॉम्प्युटर घेतला, तोही विंडोजचा साधा होमवाला नाही, महागडा प्रोवाला. दुकानदार म्हणाला, प्रोमध्ये सगळं आलं. कापडबाजारात वाढलेला माणूस मान डोलावणारच. भारी साडीला ब्लाउजपीस असतोच, मग भारी विंडोजला एक्सेल नसेल कसं?

महिनाभर चाललं. मग एका सकाळी एक्सेलने सांगून टाकलं, चाचणीची मुदत संपली. जुनं बघा, नवं लिहायचं नाही. बाहेर टेम्पो भरून उभा.

"बेन, तुमने ही कुछ दबाया होगा," कुंदनभाई म्हणाला. ताग्यांच्या घड्या घालणारी फोल्डिंग खात्यातली माणसं दारात उभी होती, त्यांच्यादेखत.

उज्ज्वलाने कीबोर्ड पुढे सरकवला. तिची आई सुंदरा तिला एकच गोष्ट शिकवून गेली होती, "तुनी चूक नही ना, मंग कसाले माफी?"

"कुंदनभाई, विंडोज ही साडी. प्रो म्हणजे जरीकाठ जास्त, कंपनीचे कॉम्प्युटर एका दोरीत बांधायला, दुरून चालवायला. एक्सेल हा ब्लाउजपीस, आणि तो ह्या साडीला नव्हताच. नुसता खांद्यावर टाकून बघायला दिला होता. होम घेतलं असतंत तरी वेगळाच घ्यावा लागला असता."

"महँगी साडी में तो होता है."

"कापडात होतो. इथे नाही."

"तो किसी से चोरीवाला डलवा लो."

"चोरीचं मी बसवणार नाही. आणि बिघाड माझ्या माथी मारलात, तो आधी उचला. ह्यांच्यासमोर."

"नहीं तो?"

"नाहीतर ही खुर्ची. तुम्हीच बसा."

ती खरंच उठली. बाहेर टेम्पोवाल्याने हॉर्न धरला तो सोडेना. कुंदनभाई पंख्याकडे बघत पुटपुटला, "उज्ज्वलाबेननो वांक नथी," म्हणजे तिची चूक नाही.

"फोल्डिंगवाल्यांना ऐकू गेलं नाही."

मग त्याने मोठ्याने म्हटलं, तेव्हा गेलं. तिने इंटरनेटवरून एक्सेलसारखं एक फुकटातलं ऑफिस सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. जुने तक्ते त्यात उघडले, चलान निघालं.

"ये असली है?" कुंदनभाईने विचारलं.

"टेम्पो गेला ना? मग असली."

पुढे बाईंनी इच्छापोरला नवी नोकरी धरली, स्वतःच्या मर्जीने. कोणी काढलं नाही, हे नीट वाचा.

आता उज्ज्वला, तू बोल. माझ्यासाठी लॅपटॉप घ्यायला आपण दोघी जाणार होतो. दुकानदार मलाही 'प्रोच घ्या, आजी' म्हणत होता, आणि तू त्याला साडी दाखवणार होतीस. रविवारी येते म्हणालीस. त्या रविवारी मी पिशवी घेऊन दाराशी बसले होते. त्यानंतर इच्छापोरची पाळी, मग पाहुणे, मग काय काय. एकटी जायला मी काही घाबरत नाही. पण गेले नाही, आणि हे सगळं हातानेच लिहिलंय.