घड्याळाची वायर

सर टेबलाखाली वाकून एक वायर हाताने चाचपत पुढे सरकत होते. "ही अजून इथंच?" ते म्हणाले आणि खालीच बसून राहिले.

डॉ. शेषराव सरांची माझी पहिली भेट ही. परभणीच्या एकाच महाविद्यालयात आम्ही. पण मी मराठीचा, ते इलेक्ट्रॉनिक्सचे. त्यांच्या एका लेखाची भाषा तपासायला मी प्रयोगशाळेत गेलो होतो. शेजारी त्यांच्या संशोधक विद्यार्थिनी, वालूरच्या उज्ज्वलाताई उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशी समितीपुढे त्यांचे सादरीकरण होते. मुदतवाढ शेवटची होती. समितीने नाकारले असते तर पीएच.डी. तिथेच संपली असती.

सरांचा विषय मला त्यांनीच नंतर समजावला. एका मनोऱ्याशी अनेक फोन एकाच वेळी बोलतात. प्रत्येकाला फ्रिक्वेन्सी ठरवून दिलेली असते. पण प्रत्येकाच्या आतले घड्याळ किंचित पुढेमागे असते. त्यामुळे फ्रिक्वेन्सी सरकते आणि एकाचे बोलणे दुसऱ्यात मिसळते. मनोऱ्याने एकाशी जुळवून घेतले की दुसरा बिघडतो. म्हणून प्रत्येकाचा फरक वेगळा ओळखावा लागतो. सरांनी उमेदीची सगळी वर्षे या कामाला दिली.

प्रयोगशाळेत फोनच्या जागी तीन रेडिओ संच होते. यंत्रे नीट आहेत का हे पाहण्यासाठी ते सर्व आधी एकाच घड्याळाला जोडायचे आणि मोजणीपूर्वी ती वायर काढायची, अशी तिथली रीत. या वेळी वायर काढायची राहिली होती. त्यामुळे संचांच्या घड्याळांत फरकच नव्हता, आणि तो दूर केल्याचे सुंदर आलेख तयार होते.

"सर, राहू द्या की. कुनाला कळायलंय?" उज्ज्वलाताई म्हणाल्या.

"मला कळायलंय न्हवं." सर उठले. "रेघ लय सरळ आली तवाच समजायला पायजे होतं. आपल्या लॅबात इतकं सरळ काय आलंय कधी?"

ताईंना रडता रडता हसू आले.

दोघांनी पुन्हा मोजले. दोन संच जुळले, तिसरा जुळेना. सरांनी हे नवे आलेखच समितीपुढे न्यायला सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी तिथे ते स्वतः आधी उभे राहिले. "वायर मी जोडली, काढायची मीच विसरलो. यांचा दोष नाही."

"म्हणजे तुमची पद्धत अर्धीच चालते?" एका सदस्यांनी विचारले.

"होय. कालपर्यंत खोटी पूर्ण चालत होती. आता खरी अर्धी चालते."

समितीने निर्णय राखून ठेवला.

पुढे माझी आई दवाखान्यात असताना सरांनी माझे मराठीचे तास घेतले. मुलांना निबंध दिला: 'आमच्या गावात रेंज कुठे येते'. पोखर्णीच्या एका मुलाने शेतातली बाभूळ लिहिली. सर रविवारी त्या बाभळीखाली जाऊन फोन लावून आले आणि मगच त्याला गुण दिले.

आज सर साठ वर्षांचे होत आहेत. त्यांना उत्तम प्रकृती लाभो, आणि तिसरा संच जुळवायला हवी तेवढी वर्षे मिळोत.

सादरीकरणाचे पुढे काय झाले, तेवढे सांगतो. दुसऱ्या दिवशी सकाळी समितीचा निरोप आला. प्रबंध सादर करण्यास परवानगी होती. तिसऱ्या संचाचे अपयश त्यात स्वतंत्र प्रकरण म्हणून असावे, एवढीच अट होती. उज्ज्वलाताईंनी ते प्रकरण लिहायला घेतले. सर पहिल्या वर्षाच्या तासाला गेले.