म्हातारखोलीतली सू-छिन

समुद्रकाठच्या लुकांग गावात न्येन शेठच्या कारखान्यात नामस्मरणाच्या डब्या बनत. साबणाच्या वडीएवढी प्लास्टिकची डबी. कळ दाबली की "ना-मो आ-मी-तो-फो" असं बुद्धाचं नाव सुरू व्हायचं, ते कळ बंद करेपर्यंत. लोक ती देव्हाऱ्यात ठेवत, टॅक्सीत ठेवत, आणि कुणी गेलं की त्याच्या उशाशी. तिथे आठ तास नाव अखंड चालायला हवं, त्यात खंड पडून चालत नाही.

एकदा पडला. शीहू गावच्या एका तांदूळवाल्याच्या आजोबांच्या उशाशी डबी तिसऱ्या तासाला "ना-मो आ" म्हणाली आणि गप्प झाली. दुसऱ्या दिवशी घरातले सात जण सुतकाच्या कपड्यांत कारखान्याच्या दारात हजर.

"आमचे आजोबा अर्ध्या वाटेत अडकलेत," थोरला मुलगा म्हणाला. "आता त्यांना पुढे तुम्ही नेणार का?"

शेठने कमरेत वाकून सातदा माफी मागितली आणि त्याच आठवड्यात गोदामामागे एक पत्र्याची खोली बांधून घेतली. आत हीटर, पंखे, भिंतभर फळ्या. तयार झालेली प्रत्येक डबी इथे पंचेचाळीस अंशांच्या उष्म्यात अठ्ठेचाळीस तास बडबडणार. जिला मरायचं असेल तिने इथेच मरावं, गिऱ्हाइकाच्या उशाशी नको. कागदोपत्री खोलीचं नाव 'वार्धक्य चाचणी कक्ष' असं पडलं. कारखान्यातल्या बायकांनी तिला म्हातारखोली करून टाकलं.

त्या भट्टीत दर तासाला फेरी कोण मारणार? सगळ्या जणी खाली बघत उभ्या राहिल्या. सू-छिनने हात वर केला.

"पुण्याचं काम आहे," शेठ भारावून म्हणाला.

"पुण्य राहू दे शेठ, माझे गुडघे दुखतात," सू-छिन म्हणाली.

ते खरंच होतं. तिचं बालपण कालवं वेचण्यात, समुद्राच्या गार चिखलात गुडघाभर उभं राहून गेलेलं. पुढे ती छत्र्यांच्या कारखान्यात होती, मग नाताळच्या दिव्यांच्या. नाताळ म्हणजे काय ते तिला कधी नीटसं कळलं नाही, पण लाखभर दिवे तिने पेटवून पाहिले होते. आता एक्कावन्नाव्या वर्षी पहिल्यांदाच कुठल्या तरी मालकाने तिला ऊब दिली होती.

भाविक म्हणाल तर ती अजिबात नव्हती. रविवार माहजाँगच्या सोंगट्यांचे डाव मांडण्यात जायचा. चोहोबाजूंनी सहाशे डब्या बुद्धाचं नाव घेत असायच्या आणि मधोमध सू-छिन एकेक डबी कानाला लावून, "मेली वाटतं! मर, मर, आत्ताच मर," असं पुटपुटत हिंडायची. मेलेल्या डबीवर ती खडूने तास लिहून ठेवी. काही महिन्यांत तिच्या लक्षात आलं की ज्या मरायच्या त्या बहुतेक पहिल्या दिवसातच मरतात. तीस तास काढलेली डबी सहसा मग काही केल्या मरत नाही.

घरी मात्र अखंड शांतता होती. नवरा ट्रक घेऊन आठवडाभर बाहेर, आणि सासूबाई नऊ वर्षं सुनेशी बोललेल्या नव्हत्या. सू-छिनने स्कूटर लावायला जागा हवी म्हणून अंगणातलं लिचीचं झाड तोडलं, तेव्हापासून. जे सांगायचं ते सासूबाई लाय-फू कुत्र्याला सांगत. "लाय-फू, आमटीत मीठ नाही हो." "लाय-फू, कुणीतरी दिवा चालूच ठेवून गेलंय." लाय-फू शेपटी हलवी आणि सू-छिन मीठ घाली.

डिसेंबरात समुद्रावरचा वारा सुटला. लुकांगच्या गल्ल्या वाकड्यातिकड्या आहेत, तरी हा वारा प्रत्येक घर बरोबर शोधून काढतो. त्या दिवशी सू-छिन दोन्ही किल्ल्या चुकून कामावर घेऊन आली आणि त्र्याऐंशी वर्षांच्या सासूबाई दाराबाहेर अडकल्या. त्या लाय-फूला घेऊन चालत कारखान्यात आल्या, त्या वेळी त्यांचे ओठ निळे पडले होते. सू-छिनने त्यांना दंडाला धरून सरळ म्हातारखोलीत ओढलं आणि उलट्या बादलीवर बसवलं.

पाच मिनिटांत त्यांनी मफलर सोडला. दहा मिनिटांत गुडघे लांब केले. मग त्यांच्या कानांना उलगडलं की भोवती काय चाललंय. त्यांनी फळ्या मोजल्या, फळीवरच्या डब्या मोजल्या आणि त्या ओरडल्या, कारण त्या गोंगाटात ओरडल्याशिवाय ऐकू जात नसे, आणि लाय-फू बाहेर होता.

"जन्मभर माळ ओढली मी! इथे एका दुपारी त्याच्या कितीतरी पट होतंय! आणि तू हे घरी सांगितलं नाहीस?"

"कुणाला सांगू? कुत्र्याला?" सू-छिनही ओरडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला सासूबाई शेजारच्या चौघींना घेऊन हजर झाल्या. मागच्या दाराने. सू-छिनने विचार केला, म्हाताऱ्या बायका, थंडीचे दिवस, बसतील घटकाभर.

इकडे चान इंजिनिअर हैराण झाला. हा ताइपेहून आलेला, सव्वीस वर्षांचा, इस्त्रीच्या शर्टातला. खोलीचं तापमान कागदाच्या पट्टीवर लेखणीने आपोआप उमटे. रोज तीनला रेघ धाडकन खाली येई, मग वर चढे, आणि पावणेचारला पुन्हा खाली. त्याने थर्मोस्टॅट बदलला. हीटरच्या तारा बदलल्या. वीज मंडळाला पत्र लिहिलं. शेवटी एके दिवशी तीनला तो स्वतःच आला. दाराबाहेर कापडी बुटांचे पाच जोड रांगेत लावलेले होते.

त्याने दार उघडलं. आत पाच आज्या, गळ्यात ओले टॉवेल, हातात माळा, मध्ये शेंगदाण्यांची पुडी.

"दार लाव बाळा," सासूबाई म्हणाल्या, "वारा येतो."

"आजी, ही चाचणीची खोली आहे!"

"मग? आम्ही कुठे काय बिघडवतोय?"

"रेघ बिघडवताय! मावशी, हे तुम्ही होऊ दिलंत?"

सू-छिन डबी कानाला लावून उभी होती. तिला ऐकू गेलं नाही, किंवा तसं तिने दाखवलं.

"बाहेर! सगळ्या जणी बाहेर व्हा!" चान म्हणाला.

आज्या उठू लागल्या. सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. "जाते," त्या म्हणाल्या. "पण तिसऱ्या फळीवरची ही कडेची आधी बाजूला काढ. ही 'तो' खाते."

"काय खाते?"

"'तो'! नाव सहा अक्षरी आहे ना? ही ऊन झाली की पाचच म्हणते. ना-मो आ-मी फो. कालपासून माझी माळ चुकवतेय."

चानने डबी कानाला लावली. ना-मो आ-मी फो. त्याने ती बाहेर नेली, गार केली, तपासणीच्या यंत्रावर लावली. ना-मो आ-मी-तो-फो, अगदी स्वच्छ. यंत्राचा हिरवा दिवा लागला.

"ठीक आहे ही," तो म्हणाला.

"आत आण परत," सू-छिन म्हणाली. ती अर्धा तास आत ठेवली आणि तिने पुन्हा 'तो' गिळला.

चानचा चेहरा उतरला. डबी बोलते की नाही एवढंच त्याचं यंत्र बघत होतं, तेही गार झाल्यावर. सू-छिनही मेलेल्याच शोधत होती. जिवंत डबी काय म्हणते ते ऐकायला कुणी थांबलंच नव्हतं. आणि येत्या सोमवारी एका मोठ्या देवळाला तीन हजार डब्या द्यायच्या होत्या.

न्येन शेठ धावत आला. "पण घरात कुठे पंचेचाळीस अंश असतात?" त्याने आशेने विचारलं.

"टॅक्सीत असतात," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या भाच्याच्या गाडीत काचेपाशी उन्हात पडलेली असते डबी. देवळात उदबत्त्यांच्या डोक्यावर असते. पाच अक्षरी बुद्ध विकणार आहेस का तू?"

शेठला शीहूचे सात जण डोळ्यांसमोर दिसले असावेत. तो हळूच खाली बसला.

"मावशी, तीन हजार एकेक करून कोण ऐकणार?" चानने विचारलं.

सू-छिनने आज्यांकडे पाहिलं. "ज्यांना तुम्ही आत्ता बाहेर काढताय ना, त्या."

चार दिवस लागले. आज्या पाळीपाळीने बसल्या. बाहेर सू-छिनने कोमट पाणी आणि आल्याचा चहा ठेवला होता. प्रत्येक डबीला अठरा मण्यांच्या हातमाळेचा एक फेरा, हा सासूबाईंचा नियम. चानने दोन मण्यांत भागवायचा प्रयत्न केला तेव्हा त्याला बरंच ऐकावं लागलं. 'तो' खाणाऱ्या एकशे चौदा डब्या निघाल्या. सगळ्यांत आवाजाची चिप एकाच खोक्यातली होती, गरम झाली की अडखळणारी. चानने त्या बदलल्या आणि सोमवारी सकाळी टेम्पो वेळेवर सुटला.

सासूबाई त्या चार दिवसांत सुनेला थेट "पाणी दे", "पंखा वळव", "तुझ्या डोळ्यांना झालंय काय" असं सगळं बोलल्या. पाचव्या दिवशी घरी जेवताना सवयीने म्हणाल्या, "लाय-फू, उद्या किती वाजता निघायचं?" आणि लगेच ओशाळून सू-छिनकडे वळल्या. "तुलाच विचारतेय."

"अडीचला," सू-छिन म्हणाली. तिने त्यांच्या ताटात माशाचा गालाकडचा मऊ तुकडा वाढला, आणि सासूबाईंनी तोच आधी खाल्ला.

वसंतातल्या सणानंतर शेठने आज्यांना कारखान्याच्या टोप्या आणि छातीला लावायचे बिल्ले दिले. चानने तपासणीच्या तक्त्यात एक नवा रकाना आखला, 'तापलेल्या अवस्थेत श्रवण', आणि दारावर नियम लावला: एका वेळी दोघी, पंधरा मिनिटांपेक्षा जास्त नाही. त्यासाठी आत एक मोठं घड्याळही टांगलं.

आज्या आत गेल्या की आधी ते भिंतीकडे तोंड करून ठेवतात. बाहेर सू-छिन मनगटावरचं घड्याळ बघत उभी असते आणि पंधरा मिनिटं झाली की दारावर चहाच्या पळीने ठोकते. एकदा ठोकून कुणी बाहेर येत नाही.