दादाची लेखनिक

माझ्या चुलतभावाच्या दहावीच्या परीक्षेत त्याचे पेपर मी लिहिले. मी तेव्हा नववीत होते. सांगणाऱ्यापेक्षा लिहिणारा खालच्या वर्गातला असावा असा नियम आहे, आणि आमच्या घरात त्या नियमात बसणारी मी एकटीच होते. दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. सातव्या वर्षी आलेल्या तापात त्याची नजर गेली. मधली काही वर्षं तो घरीच बसून होता. मग गावातल्या एका गुरुजींनी त्याला पुन्हा शाळेत नेलं. ब्रेल शिकवणारं आमच्याकडे कुणी नव्हतं. पुढच्या बाकावर बसून तो नुसता ऐकायचा आणि ऐकलेलं त्याच्या डोक्यात राहायचं.

'लेखनिक' हा शब्द मी पहिल्यांदा हमीपत्रावर वाचला. वडिलांनी त्याखाली सही केली, पण घरात तो शब्द कुणाच्याच तोंडी बसला नाही. काकी शेजारणीला सांगायची, "आमची पोरगी त्याची लिहिणारी हाय." शाळेत सगळे 'रायटर' म्हणायचे. गल्लीतले एक म्हातारे आजोबा, ज्यांचं लहानपणी थोडं उर्दू झालेलं होतं, मला पाहिलं की हाक मारायचे, "काय मुन्शी, अभ्यास बराबर चाललाय ना?" मला मात्र आतून वेगळाच शब्द हवा होता. एकदा वहीच्या शेवटच्या पानावर मी माझ्या नावाखाली 'लेखिका' असं लिहिलं, आणि कुणी बघायच्या आत गिरगटून टाकलं.

दोन महिने आम्ही रोज संध्याकाळी ओसरीत बसून सराव केला. तो सांगायचा, मी लिहायचे. तो फार छान सांगायचा. शब्द शोधायला कधी थांबायचा नाही. मीच मागे पडायचे.

"मधी थांबवू नको गं," तो म्हणायचा, "माझं तुटतं."

मराठीचा पेपर पहिलाच होता. आम्ही सकाळच्या जीपनं घनसावंगीला गेलो. आम्हाला वेगळी खोली दिली होती. तिथं फक्त दादा, मी आणि पर्यवेक्षक बाई. बाई रागीट नव्हत्या. त्यांनी मला पाणी दिलं, माझं ओळखपत्र बघितलं आणि म्हणाल्या, "हे बघ बाळ, तो सांगेल तेच लिहायचं. अक्षर इकडचं तिकडं करायचं नाही. तू लेखक नाहीस, लेखनिक आहेस. कळलं?"

"हो, बाई."

धड्यांवरचे प्रश्न नीट गेले. ती उत्तरं त्याला गाईडातल्या भाषेत पाठ होती. शेवटी निबंध आला; सरावात आम्ही पाठ केलेली उत्तरंच घेतली होती. मी विषय वाचून दाखवले. त्यात एक होता, 'मी पाहिलेला आठवडी बाजार'.

दादा हसला. "पाहिलेला म्हणे! हाच लिही."

आणि तो तीर्थपुरीचा बाजार सांगू लागला. वाळल्या मिरच्यांची गल्ली आली की नाकच म्हणतं, उजवीकडं वळ. कापडवाल्याच्या दुकानात कात्री एकदा कचकन वाजते, मंग कापड सर्रकन फाटत जातं. शेळ्यांच्या बाजारात एक पिल्लू मायला हाका मारून राह्यलंय, अन् माय भलत्याच दिशेनं उत्तर देऊन राह्यली. मला सगळा बाजार दिसत होता. पण माझा पेन अडला. 'राह्यलंय' लिहू? आमच्या शाळेत असं लिहिलं की गुरुजी लाल रेघ ओढायचे. मी लिहिलं, 'पिल्लू आईला हाका मारत होते.' 'मंग'चं 'मग' केलं, 'न्हाई'चं 'नाही'. मला वाटलं, मी त्याचे गुण वाचवतेय.

बाई कधी माझ्या मागं येऊन उभ्या राहिल्या, मला कळलंच नाही.

"तो काय बोलला?"

मी उत्तरपत्रिकेवर हात आडवा धरला.

"आणि तू काय लिहिलंस?"

"बाई, ते चुकीचं दिसलं असतं म्हणून..."

"ते तू ठरवायचं नाही. खोड ते. तो बोलला तसं लिही. उद्या कुणी तक्रार केली तर त्याचा अख्खा पेपर रद्द होईल."

त्या खोटं बोलत नव्हत्या. मी सहा ओळी खोडल्या. दादाला पेनाचा आवाज ऐकू गेला.

"काय झालं? काय खोडून राह्यलीस?"

मी बाईंकडे बघितलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. प्रश्न वाचून दाखवण्यापलीकडे मला त्याच्याशी बोलायची परवानगी नव्हती. शेवटी त्यांनीच सांगितलं, "तुझी बोली ती शुद्ध करत होती. तसं चालत नाही. तुला शुद्ध हवं असेल तर तू शुद्ध सांग."

दादाचा चेहरा उतरला. आपण बोलतो ते कागदावर चुकीचं दिसतं, हे त्याला तोवर माहीतच नव्हतं. अक्षरं विसरून त्याला कितीतरी वर्षं झाली होती. त्यानं घसा साफ केला आणि नव्यानं सुरुवात केली.

"त्या ठिकाणी... शेळ्या... उभ्या होत्या. एक पिल्लू... ओरडत... आहे. होते." मग तो थांबला. "होते का आहे?"

मी सांगू शकत नव्हते.

"बाजारात... खूप गर्दी होती," तो म्हणाला. ते मी लिहिलं. मग बराच वेळ तो टेबलाच्या कडेवर नुसती बोटं फिरवत राहिला. मी पेन धरून बसले होते. त्याच्या डोक्यात तो बाजार अजून भरलेला आहे हे मला ठाऊक होतं. पुढची वाक्यंसुद्धा मला सुचत होती आणि ती मला लिहिता येत नव्हती. जादा वेळही संपला. निबंध पाऊण पानावर अडकला.

परतीच्या जीपमध्ये मी रडले. तो म्हणाला, "तुझा काय दोष हाय? तू तर चांगलंच करायला गेल्तीस." त्यावर मला आणखीच रडू आलं.

निकालात बाकीच्या विषयांत त्याला साठाच्या पुढे गुण होते, मराठीत अडतीस. निबंधामुळेच कमी पडले का, ते कळायला मार्ग नव्हता. काकीनं पेढे वाटले. मी खाल्ला नाही.

मी पुढं मराठी घेऊन एम. ए. केलं. आता माझ्या कथा दिवाळी अंकांत येतात. त्या मी आमच्याच बोलीत लिहिते आणि लोक त्या बोलीचंच कौतुक करतात. कार्यक्रमात माझी ओळख 'लेखिका' म्हणून करून देतात तेव्हा मी खाली बघते. त्या कौतुकातलं दादाला काही देता येत नाही.

तो बाहेरून पदवीधर झाला आणि नोकरीच्या परीक्षा देऊ लागला. गेल्या वर्षी त्याचा फोन आला.

"रायटर मिळून राह्यला न्हाई. तू येतीस का?"

"दादा, माझं शिक्षण तुझ्यापेक्षा जास्त झालं. मला घेणार नाहीत."

"म्हाईत हाय. इचारून पाह्यलं."

मी ओळखीतल्या बारा-पंधरा घरी फोन केले. कुणाच्या मुलीची परीक्षा होती, कुणाला जबाबदारी नको होती. अकरावीतली एक मुलगी हो म्हणाली आणि आदल्या दिवशी आजारी पडली. तरी आम्ही जालन्याला केंद्रावर गेलो. फाटकावरच्या माणसानं कागद दोनदा वाचले. "लेखनिक तुम्हीच आणायचा होता, ताई. माझ्या हातात काही नाही." त्याच्याही हातात खरंच काही नव्हतं.

आम्ही भिंतीलगतच्या कट्ट्यावर बसलो. आत घंटा झाली.

"सुरू झाला?" दादानं विचारलं.

"हो."

त्यानं मनगटावरच्या बोलत्या घड्याळाचं बटण दाबलं, वेळ ऐकली आणि उठून काठी उघडली.

"चल," तो म्हणाला, "ऊन वाढायच्या आत बस धरू."